पिशवी घरात, आपण मंडईत: कॅरीबॅग कमी करायला सुरुवात कुठून करायची

सांगलीत कापडी पिशवी नाही असं घर मला अजून सापडलेलं नाही. साडीच्या दुकानाची, कुणाच्या तरी लग्नातली, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवालाबरोबर वाटलेली, अशा दहा-बारा तरी कपाटात असतातच. तरीही शिवाजी मंडईतून बाहेर पडणाऱ्या माणसाकडे बघा, दोन्ही हातांच्या बोटांत झबला पिशव्या रुतलेल्या. पिशवी घरात असते आणि आपण मंडईत असतो. खरी अडचण एवढीच आहे, आणि या लेखातला निम्मा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

मी स्वतः याला लागले ते २०१९ च्या महापुरानंतर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला आलो, तर ओट्याखालच्या कप्प्यात वर्षानुवर्षं कोंबलेल्या कॅरीबॅगा घरभर पसरलेल्या. खिडकीच्या गजांना, शिलाई मशीनच्या पायाला, तुळशीच्या कट्ट्याला चिकटून वाळलेल्या. खराट्याने निघेनात, एकेक हाताने सोलून काढावी लागली. २१४ पर्यंत मोजल्या आणि पुढे मोजणं सोडून दिलं. 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेल्या होत्या सगळ्या.

आधी कायदा थोडक्यात

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली, धरायला बंद असलेल्या आणि बिनबंदांच्या दोन्ही. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदी विकण्या-साठवण्यावर आहे तशी वापरण्यावरही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. '१२० मायक्रॉन जाडीची चालते की' असं दुकानदार सांगतात, तो केंद्राचा नियम, ३१ डिसेंबर २०२२ पासूनचा. आपल्या राज्याची कॅरीबॅगवरची बंदी त्याहून कडक आहे. मंडईत जे दिसतं ते दिसतं, त्यावर मी काय बोलणार.

पहिली पायरी: आठवडाभर काहीच बदलू नका

नव्याने सुरुवात करणारे पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या पिशव्या बाहेर काढतात आणि बाजारातून कापडी पिशव्यांचा नवा संच आणतात. असं करू नका. एक आठवडा फक्त बघा. घरात येणारी प्रत्येक कॅरीबॅग दाराजवळच्या एका खिळ्याला अडकवत जा आणि रविवारी खाली काढून ती कुठून आली ते आठवा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात २३ निघाल्या. भाजीच्या अकरा, दुधाच्या सात, बाकी बेकरी, औषधं आणि एकदा आणलेलं मटण. म्हणजे भाजी आणि दूध एवढं आटोक्यात आणलं की तीन चतुर्थांश काम झालं. तुमचा हिशेब वेगळा निघेल. एखाद्या घरी बाहेरच्या पार्सलच्याच जास्त असतील, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

दुसरी पायरी: पिशवी कुठे टांगायची

घरात पिशवीची ठरलेली जागा साधारणपणे स्वयंपाकघरात असते. ती चुकीची आहे. बाहेर पडताना आपण चपला घालतो, किल्ली घेतो आणि निघतो. त्या वेळी स्वयंपाकघर मागे पडलेलं असतं आणि चपला घातल्यावर आत कुणी जात नाही.

म्हणून पिशवी किल्लीच्या खिळ्यालाच टांगा, आणि किल्लीच्या वर टांगा, म्हणजे पिशवी उचलल्याशिवाय किल्ली हाताला लागणार नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या दोन दिवसांत कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी पिशवी काखेत मारून गेले. दुसरी पिशवी स्कूटरच्या डिकीत, कायमची. तिसरी लहान, चौपदरी घडी घालून पर्समध्ये किंवा ऑफिसच्या बॅगेत. आधी पट्टीसारखी लांब घडी, मग समोशासारखी त्रिकोणी गुंडाळत न्यायची आणि शेवटचं टोक आत खोचायचं. मुठीएवढी होते.

आता यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. पिशवी घरी आली, भाजी काढली, आणि रिकामी पिशवी ओट्यावर राहिली. तिथेच हा सगळा बेत मोडतो. दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर ओली होते, कुणीतरी तिनेच ओटा पुसतं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही रिकाम्या हाताने मंडईत उभे. भाजी फ्रिजमध्ये नंतर गेली तरी चालेल, आधी पिशवी झटकून खिळ्याला. डिकीतली डिकीत. ही सवय लागायला मला दीड-दोन महिने गेले आणि त्या काळात निदान दहा वेळा तरी कॅरीबॅग घेऊन घरी आले. तुमचंही होईल, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

तिसरी पायरी: पिशवी कमी पडली तर विकत घेण्याआधी

नवी सुती पिशवी विकत घेण्याला माझा विरोध आहे, आणि त्याला आधारही आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली हिशेब मांडला होता. हवामानावरचा परिणाम पाहिला तर नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला, सूत काढायला, रंगवायला इतकं पाणी आणि वीज जाते. आठवड्यातून दोनदा बाजार केला तर १३१ वेळा म्हणजे सव्वा वर्ष. ज्या घरात आधीच बारा पिशव्या आहेत तिथे तेरावी कशाला?

जुनी सुती साडी, पँटचं कापड, साखरेचं पोतं, यातून शिवा. साडी विरलेली असेल तर दुहेरी घ्या. माप असं: ३८ इंच लांब आणि १७ इंच रुंद तुकडा. दोन्ही आखूड कडा दीड इंच दुमडून टीप मारा, ते झालं तोंड. उलट्या बाजूने मधोमध दुमडून दोन्ही अंगांना दुहेरी टीप घाला. खालचे कोपरे एकेक करून चिमटीत धरायचे, शिवण मधोमध येईल असा त्रिकोण करायचा आणि टोकापासून आत, तीन-चार इंच रुंदीवर आडवी टीप मारायची. यामुळे पिशवीला बूड येतं, ती उभी राहते आणि टोमॅटो कलंडत नाहीत. बंदांसाठी साडीचा काठ काढा. साडी विरते तेव्हाही काठ शाबूत असतो. बंद २६ इंचांचे, कडेपासून चार इंच आत, तोंडापासून दोन इंच खालपर्यंत नेऊन चौकोन शिवायचा आणि त्या चौकोनात फुली मारायची. फुली चुकवली तर पाच किलो बटाट्यांत बंद तुटतो, आणि तो नेमका मारुती रोडच्या गर्दीत तुटतो.

त्याच साडीच्या उरलेल्या तुकड्यांतून वीतभर लांबीच्या चार-पाच छोट्या थैल्या शिवा, तोंडाला नाडी. मिरच्या, आलं-लसूण, मटार, घेवडा यांच्यासाठी. यांच्याशिवाय मोठी पिशवी अपुरीच पडते, कारण भाजीवाल्याकडे आपण कॅरीबॅग मागतो ती बहुतेक वेळा मिरच्या वेगळ्या राहाव्यात म्हणूनच.

आणि ती कापडासारखी दिसणारी, दुकानाचं नाव छापलेली पिशवी? उजेडात धरून बघा. आडवे-उभे धागे दिसत नाहीत, बारीक ठिपक्यांचा दाब दिसतो. ते कापड नाही, पॉलिप्रॉपिलिन आहे, म्हणजे प्लास्टिकच. केंद्राच्या नियमाप्रमाणे ती चौरस मीटरला निदान ६० ग्रॅम वजनाची असावी लागते. घरात असेल तर फाटेपर्यंत वापरा, पण उन्हात टांगून ठेवू नका. वर्षभरात तिचा भुगा होतो आणि तो कचऱ्यातून उचलताही येत नाही.

चौथी पायरी: मंडईत काय बोलायचं

सगळं वेळेवर अवलंबून आहे. भाजीवाला तराजूचं पारडं उचलतो त्याच क्षणी त्याचा दुसरा हात कॅरीबॅगेच्या जुडीकडे जातो. पिशवी एकदा फुंकर मारून उघडली की 'नको' म्हणणं दोघांनाही अवघड. म्हणून भाव विचारतानाच आपली पिशवी उघडून पुढे धरायची.

"मामा, अर्धा किलो वांगी. पिशवी नको, यातच टाका."

"घ्या की काकू, पिशवीचं पैसं न्हाई लावत."

"पैशाचं नाही हो, घरी ढीग झालाय."

'पर्यावरण' हा शब्द मी मंडईत कधी काढत नाही. 'घरी ढीग झालाय' हे सगळ्यांना लगेच पटतं. दोन-तीन खेपांनंतर ओळखीचे भाजीवाले स्वतःच पिशवीकडे हात करतात. आमच्या नेहमीच्या कोथिंबीरवाल्या मावशी तर आता "आन् त्या नाडीच्या थैल्या कुठायत?" म्हणून विचारतात.

खरेदीचा क्रम सांभाळा. बटाटे, कांदे, बीट आधी, मग कोबी-फ्लॉवर, मग वांगी-दोडका, पालेभाजीची जुडी उभी आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की टोमॅटो चिरडतात आणि दोष कापडी पिशवीवर येतो.

मटण-मासळीला झाकणाचा स्टीलचा डबा. आधी रिकाम्या डब्याचं वजन करून घ्या, नाहीतर नंतर वाद. दही, पनीर, हॉटेलातला पातळ रस्सा यांनाही डबा. रस्सा किंवा चहा उकळता असताना पातळ पिशवीत ओतून आणू नये, निदान एवढं तरी पाळा. प्रवासात टपरीवर चहा घेताना मी थर्मास पुढे करते. भडंग पुडीत मिळतं तिथे पुडीत घ्यावं, आणि वर्षाची हळद-मिरची भरायला तर आपल्याकडे डबे आणि पोतीच लागतात. दूध सुट्टं मिळत असेल तर उत्तमच. आम्हाला मिळत नाही, त्यामुळे दुधाच्या सात पिशव्या आजही सातच आहेत. त्यांचं पुढे येतं.

पाचवी पायरी: घरात आधीच असलेल्या पिशव्या

ढीग खाली ओता आणि आवाजावरून वेगळा करा. चुरगाळल्यावर कुरकुरणारी, फाटायला सोपी ती झबला. मऊ, ओढली की ताणणारी ती दुधाची किंवा कपड्यांच्या पॅकिंगची. आतून चंदेरी असलेली वेफर्स-बिस्किटांची वेष्टनं तिसरीकडे, त्यांची गत वेगळी. चिखलट, तेलकट, फाटकी चौथीकडे.

धड असलेल्या झबला पिशव्या बाजारात नेऊ नका, वापरण्यावरही बंदी आहे; घरातच सामान ठेवायला पुन्हा पुन्हा वापरा. जाड पिशवीला खाली चार भोकं पाडून त्यात शेवग्याचं, पपईचं रोप लावता येतं. पावसाळ्यात स्कूटरच्या सीटवर. आणि गावभागात, खणभागात राहणाऱ्यांना एक मुद्दाम सांगते: रेशनकार्ड, घराचे कागद, बँकेची पासबुकं एका जाड पिशवीत घालून हवा काढायची, तोंड पिळून गाठ, मग ती पिशवी दुसरीत उलट्या तोंडाने घालून पुन्हा गाठ. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आमचे कागद असे कोरडे राहिले. पिशव्यांची दोरी करून पायपुसणी विणण्याचे प्रकारही असतात. मी एक केलं, त्यावर पाय घसरतो.

काय करू नये तेही सांगते. छापील पिशवीत पोळ्या गुंडाळू नका, रंग लागतो. लोणचं, तेलकट पदार्थ त्यात साठवू नका. तान्ह्या मुलांच्या हाताला लागेल अशी पिशवी ठेवू नका, डोक्यात घालून श्वास कोंडतो.

आणि बंब. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत अंघोळीचं पाणी बंबावर तापतं आणि तो पेटवायला वर्तमानपत्राबरोबर एखादी कॅरीबॅग सरकवायची सवय आहे. पटकन पेटतं, खरं आहे. पण बंबात प्लास्टिक धुमसतं, पुरतं जळत नाही. काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड न्हाणीघरात कोंडतं. त्यात पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांच्या प्लास्टिकचा, तुकडा असला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही. ज्या राखेने पुढे भांडी घासायची तीही मग नको. नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं, काटक्या कशाला आहेत?

सहावी पायरी: धुणं आणि वाळवणं

हा भाग लोक सोडून देतात, पण टाकलेल्या पिशवीचं पुढे काय होणार ते इथेच ठरतं. कोरडी, स्वच्छ पिशवी पुनर्वापराच्या साखळीत जाते. खरकट्यात बुडालेली पिशवी कचरा वेचणारी बाईसुद्धा उचलत नाही, कारण ती धुवायला जे कष्ट पडतात तेवढेही पैसे तिला मिळत नाहीत.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, एका बाजूने चिकटलेला ठेवा. तो नखाएवढा तुकडा ओट्याच्या मोरीतून थेट गटारात जातो आणि पुन्हा कुणाच्याही हाती लागत नाही. रिकाम्या पिशवीत वाटीभर पाणी घालून खळबळा, ते पाणी चहात किंवा कुंडीत. मग पिशवी खालच्या बाजूने कापून उघडी करा, म्हणजे आतून वाळते. दोरीवर चिमटा लावून दोन तास. वाळल्या की एकावर एक सपाट रचायच्या.

सातवी पायरी: घराबाहेर काढताना

दुधाच्या पिशव्या, जाड पॅकिंग हे भंगारवाला किलोवर घेतो. निदान दोन-तीन किलो साठेपर्यंत थांबा, चार पिशव्यांसाठी तो जिना चढणार नाही. झबला पिशव्यांना मात्र तो सहसा हात लावत नाही. एका पातळ पिशवीचं वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे किलो भरायला दोनशेवर पिशव्या गोळा करायच्या. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही घेतल्या नसत्या.

मग त्या सगळ्या एका पिशवीत दाबून भरा, तोंड बांधा आणि घंटागाडीत सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या. घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं आपल्यावर बंधनकारक आहे. गाडीवरचा माणूस कधी घाईत सगळं एकत्र टाकतो, तेव्हा थांबवून सांगावं लागतं. सुट्या पिशव्या देऊ नका, त्या गाडीतून उडतात आणि शेरी नाल्यापर्यंत पोचतात, तिथून कृष्णा लांब नाही. २६ जुलै २००५ ला मुंबई तुंबली त्यानंतर राज्याने पातळ पिशव्यांवर पहिले कडक निर्बंध आणले, ते गटारांत अडकलेल्या पिशव्यांमुळेच.

वेगळ्या केलेल्या कोरड्या पिशव्यांचा एक चांगला उपयोग म्हणजे डांबरी रस्ता. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही पद्धत बसवली, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खडी १६० अंशांच्या आसपास तापवायची, त्यावर प्लास्टिकचा कीस टाकायचा, तो वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर. लेपामुळे खडीत पाणी शिरत नाही. यात कॅरीबॅग चालते, पीव्हीसी चालत नाही, आणि ओलं प्लास्टिक तर नाहीच. चंदेरी वेष्टनं बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात.

'कंपोस्टेबल' लिहिलेली हिरवी पिशवी मिळाली तर तिच्यावर आयएसओ १७०८८ हा क्रमांक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का बघा. नुसतं 'पर्यावरणपूरक' लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. खरी असली तरी ती कारखान्यातल्या खतप्रकल्पाच्या उष्णतेत कुजते. आमच्या गच्चीवरच्या माठात एक टाकली होती, आठ महिन्यांनी खत चाळताना जशीच्या तशी चाळणीत आली. प्लास्टिकच्या गठ्ठ्यातही ती मिसळू नका, दोन्हीचा माल खराब होतो.

शिळी भाकरी, भाजीचे देठ पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवायचे आणि गाय खाईल म्हणायचं, हे बंद करा. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट खाते. पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते, रवंथ थांबतं, आणि जनावर खातंय असं दिसत असतानाच खंगत जातं. शस्त्रक्रिया करून पोटातून प्लास्टिकचे गोळे काढावे लागतात. द्यायचंच तर पाटीत घालून समोर ठेवा आणि पाटी परत आणा.

निर्माल्याचंही तेच. सरकारी घाटावर अजून माणसं निर्माल्य कॅरीबॅगेत गाठ मारून आणतात आणि गाठीसकट नदीत सोडतात. फुलं गाठीच्या आत सडतात, पिशवी पुढच्या पुरात कुणाच्या तरी खिडकीला. निर्माल्यासाठी एक परडी ठेवा. घरच्या कुंडीत किंवा घाटावरच्या निर्माल्यकुंडात ती उपडी करायची, तळाला चिकटलेल्या पाकळ्या हाताने झाडायच्या आणि परडी घरी आणून पिशवीशेजारच्या खिळ्याला टांगायची.